खानझोडे मॅडमची आपत्ती

काही माणसं एका कार्यासाठीच जन्माला येतात, आणि नियती त्यांच्याकडून एक गोष्ट काढून घेते ती जगाला त्याहून मोठी गोष्ट मिळावी म्हणून.

हे वाक्य डॉ. सुलभा खानझोडे यांच्या निरोपसमारंभात आमच्या महाप्रबंधकांनी वाचून दाखवलं. लिहिलं होतं मी. कारखान्याच्या राजभाषा विभागात मी अनुवादक होतो आणि अशी वाक्यं हिंदीत करून तयार ठेवणं हे माझं काम होतं. नियतीनं मॅडमकडून काढून घेतलेली गोष्ट म्हणजे वास. त्यांना कशाचाच वास येत नसे. आणि जगाला मिळालेली मोठी गोष्ट म्हणजे हवेतली रासायनिक वाफ ओळखणारी एक पेटी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. वास गेला होता तो नाकात वाढलेल्या मांसामुळे. ऑपरेशन झालं, मांस गेलं, वास काही परतला नाही. आणि पेटीचं काम त्यांच्याकडे आलं कारण दिल्लीहून ती योजना आली तेव्हा प्रयोगशाळेतले बाकीचे अधिकारी रजेवर होते.

भोपाळात कुणाचं नाक, डोळे किंवा छाती बिघडलेली दिसली की लोक आवाज खाली आणून गॅस सुटला त्या रात्रीबद्दल एकच प्रश्न विचारतात: "उस रात का है?" मॅडमना या प्रश्नाचा संताप येई.

"त्या रात्री मी नागपूरला मामेबहिणीच्या लग्नात जिलब्या वाढत होते," त्या सांगत. "माझ्या नाकाला त्या लोकांच्या रांगेत उभं करू नका. ती रांग आधीच फार लांब आहे, आणि तिच्यात अजून कुणाचा नंबर लागलेला नाही."

त्यांचे वडील राज्य सरकारच्या कचेरीबरोबर नागपूरहून इकडे आले होते. मॅडम इथेच वाढल्या, पण मराठी मात्र चांगलीच नागपूरची. एरवी शुद्ध बोलत. चिडल्या की "काहून" आणि "करून राहिले" बाहेर पडे. इंद्रपुरीपलीकडचा, विजेची अवजड यंत्रं बनवणारा मोठा सरकारी कारखाना सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा तो नव्हे. आमचा त्याच्या मानानं अगदी धाकटा. ठिकठिकाणच्या सरकारी कामांवरून जळक्या मोटारी आमच्याकडे यायच्या. त्यांची तांब्याची वेटोळी नव्यानं गुंडाळायची, वार्निशच्या टाकीत बुडवायची, भट्टीत वाळवायची आणि मोटार परत पाठवायची. वसाहतही बेताचीच: क्वार्टर्स, शाळा, देऊळ, क्लब आणि प्रत्येक चौकात सुरक्षेवरची एक यमक जुळवलेली घोषणा. त्या घोषणाही मीच लिहीत असे.

मॅडम आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहत. संध्याकाळी कधीतरी हातात वाटी घेऊन जिना उतरून यायच्या आणि ती माझ्या बायकोच्या, मंदाच्या, नाकाखाली धरायच्या.

"वहिनी, हे कशासारखं येतंय?"

"बरं आहे की."

"बरं-वाईट नको. बरं-वाईट माणसाच्या मनात असतं. कशासारखं येतंय ते सांगा."

मंदानं पुन्हा हुंगलं. "पावसाळ्यात न वाळलेल्या गोधडीसारखं."

"म्हणजे वरण गेलं," असं म्हणून मॅडम समाधानानं वर गेल्या. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी हे आपल्या लोकांना उदाहरण म्हणून सांगितलं. "सुगंध", "दुर्गंध", "उग्र दर्प" हे शब्द त्यांच्यापुढे चालत नसत. कशासारखं, एवढंच सांगायचं. लिंबाच्या सालीसारखं, नव्या रेक्झिनसारखं, शाळेतल्या डिंकासारखं. त्यांना स्वतःला यातलं काही येत नसल्यामुळे दुसऱ्याच्या नाकावर त्यांचा विलक्षण विश्वास होता. तोंडावर मात्र तेवढा नव्हता.

त्यांची पेटीही असंच काम करी. एकदा त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. काही प्लास्टिकांतून वीज वाहते. नेहमीच्या नव्हे, मुद्दाम बनवलेल्या. त्याचा द्रव काचेच्या तुकड्यावर टाकून तुकडा गरगर फिरवायचा, म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ थर पसरतो. हे फिरवण्यासाठी त्यांनी आमच्याच कारखान्यातली एक दुरुस्त झालेली पंख्याची मोटार वापरली होती. त्या थरातून अगदी थोडी वीज सोडून ठेवायची. हवेतली वाफ थरात शिरली की तो फुगतो आणि विजेची वाट बदलते.

"एका थरावर भरवसा ठेवायचा नाही," त्या म्हणाल्या. "वेगवेगळ्या स्वभावाचे चार-पाच ठेवायचे. एकाला थिनर सोसत नाही, एकाला स्पिरिट, एक तर पाण्याच्या वाफेनंसुद्धा रडतो, म्हणून पावसाळ्यात त्याचं ऐकायचं नाही. सगळे काय म्हणतात ते एकत्र पाहायचं आणि ठरवायचं. आपल्या विभागप्रमुखांची बैठक असते ना, तसंच. फक्त इथे निष्कर्ष निघतो."

मॅडमचा राग ओळखायची एक खूण होती. ज्या माणसाबद्दल त्यांना आदर असे त्याच्याशी त्या तुटक बोलत. ज्याच्याबद्दल मनात काही उरलेलं नसे त्याला "कृपया" म्हणत. "कृपया आत या." "कृपया आपलं म्हणणं पूर्ण करा." प्रयोगशाळेतून "कृपया" ऐकू आलं की बाहेरची माणसं परत फिरत. सरकारी हिंदीत प्रत्येक कागद "कृपया"नं सुरू होतो, त्यामुळे मॅडमच्या टिपण्या वरच्या मजल्यावर, म्हणजे साहेबलोकांत, फार सुसंस्कृत मानल्या जात.

पेटी कुठे लावायची याबद्दल त्यांच्या मनात कधीच शंका नव्हती. वार्निश कक्षात. तिथे टाकीतून वेटोळी वर काढली की थिनरची वाफ अंगावर येई आणि ती बाहेर ओढून नेणारा मोठा पंखा बंद पडून कितीतरी काळ लोटला होता. त्या कक्षात शकील काम करायचा. वेटोळी टाकीत सोडणं आणि वर काढणं हे त्याचं काम, आणि ते करताना जुनी गाणी म्हणणं हा त्याचा शौक. गळा खरंच चांगला होता. वसाहतीतल्या लग्नांत माइक आपोआप त्याच्या हातात जायचा.

"मैडम, अपना तो बढ़िया है," तो एकदा म्हणाला. "दोपहर होते-होते फोकट में चढ़ जाती है. घर जाओ तो बेगम पूछती हैं, को खाँ, कहाँ से आ रए हो?"

आजूबाजूचे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "हात दिखाओ," म्हणाल्या. शकीलनं गमतीनं दोन्ही हात पुढे केले. बोटं किंचित थरथरत होती. त्यानं ती पटकन मागे घेतली.

त्याच दिवशी त्यांनी हिंदीत प्रस्ताव लिहिला. विषय: वार्निश कक्षात वाफ ओळखणारी पेटी बसवण्यासाठी "संशोधन का प्रस्ताव". प्रशासनाकडून उत्तर आलं: किस नियम में संशोधन अपेक्षित है, कृपया मूल प्रति संलग्न करें.

कागद घेऊन मॅडम माझ्याकडे आल्या. "पाठक, हे काय विचारून राहिले?"

"मॅडम, हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. कायद्यातली, कागदातली. आपल्या संशोधनाला ते अनुसंधान म्हणतात."

"मी या गावात लहानाची मोठी झाले."

"शाळेत नाही शिकवलं?"

"शाळा मराठी, कॉलेज इंग्रजी. हिंदी मी भाजीबाजारात शिकले. भाजीबाजारात कुणी संशोधन करत नाही."

प्रस्ताव दुरुस्त होऊन गेला. पण प्रशासन अधिकारी कर्तव्यदक्ष होते. पुन्हा असा घोटाळा होऊ नये म्हणून त्यांनी एक परिपत्रकच काढलं: डॉ. खानझोडे से प्राप्त पत्रों में 'संशोधन' शब्द को 'अनुसंधान' पढ़ा जाए और पत्र अनुसंधान अनुभाग को भेजा जाए. ते सगळ्या विभागांत फिरलं. महिनाभर कँटीनमध्ये लोक एकमेकांच्या चहात संशोधन करत होते. मॅडम एवढंच म्हणाल्या, "मराठीतल्या एका शब्दाला सरकारी मान्यता मिळाली. तुमच्या विभागाला हे आजवर जमलं नव्हतं, पाठक."

पेटी तयार झाली तेव्हा तिला नाव हवं, असं वरच्या मजल्याला वाटलं. स्पर्धा घेतली गेली. महाप्रबंधकांनी सुचवलेलं नाव पहिलं आलं: गंधर्व. गंध म्हणून गंधर्व.

"गंधर्व गातात," मॅडम मला म्हणाल्या. "हा गायला की लोकांनी पळायचं आहे. पण ठीक आहे. आपल्याकडच्या मैफलींत तसंही होतं."

उद्घाटन वार्निश कक्षातच होतं. मी सूत्रसंचालन करत होतो, म्हणून सगळं जवळून पाहिलं. पाहुण्यांसाठी आदल्या दिवशी भिंतींना नवा तेलरंग दिला होता. झेंडूच्या माळा, लाल गालिचा, आणि मधोमध टाकीपासून हातभर अंतरावर पितळेची समई. थिनरच्या वाफेनं भरलेल्या खोलीत, वात घालून, तेल भरून.

मॅडम आल्या, त्यांनी समई पाहिली आणि महाप्रबंधकांना म्हणाल्या, "कृपया दिया मत जलाइए."

"अरे मैडम, शुभ कार्य है. दो मिनट की बात है."

"हाँ सर. दो मिनट भी नहीं लगेंगे."

त्यांना काय म्हणायचंय ते महाप्रबंधकांना कळलं नाही, पण सुरक्षा अधिकाऱ्याला कळलं. त्यानं समई स्वतः उचलून बाहेर नेली. मग बटण दाबून उद्घाटन करायचं ठरलं. बटण दाबलं. गंधर्व क्षणभर गप्प राहिला आणि मग जो गायला लागला तो थांबेचना. टाकीतलं थिनर आणि भिंतीवरचा ताजा रंग, दोन्ही त्याला एकदम आले होते.

"ये गा क्यों रहा है?" महाप्रबंधक टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच धरून म्हणाले.

"सर, हवा में थिनर है."

"तो इसको बंद रखिए. आज उद्घाटन है."

तेवढ्यात मागे हालचाल झाली. कामगारांमध्ये जी माणसं वयानं मोठी होती, म्हणजे जी त्या रात्री या शहरात होती, ती उठून चालायला लागली होती. कुणी पळालं नाही, कुणी ओरडलं नाही. शकीलनं आपला गमछा पाण्याच्या माठात बुडवून तोंडाला लावला आणि दारात येऊन आधी झाडाकडे पाहिलं, पानं कोणत्या बाजूला हलतायत ते. मग वाऱ्याकडे तोंड करून तो चालू लागला आणि बाकीचे त्याच्यामागे. भोंगा कशाचाही असो, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आत गालिचा, झेंडू, महाप्रबंधक आणि मी उरलो. मला सूत्रसंचालन सोडून जाता येत नव्हतं.

त्यानंतर गंधर्व रोज दुपारी गायचा, वेटोळी वर आली की. गायला की शकील आणि मंडळी बाहेर जाऊन उभी राहत, थांबला की परत येत. शकील त्याला "उस्ताद" म्हणायचा. "उस्ताद ने तान ली, चलो भई, बाहर." हळूहळू सगळा कक्ष कानांवर चालू लागला. गाणं आलं की बाहेर. गाणं नाही म्हणजे आत जायला हरकत नाही.

पंखा दुरुस्त करणं हा सरळ उपाय होता. पण पंखा देखभाल विभागाचा, भिंत बांधकाम विभागाची आणि भिंतीतलं भोक कुणाचं याचा निर्णय झालेला नव्हता. तेव्हा मॅडमना सुचवण्यात आलं की यंत्र जरा कमी संवेदनशील करता येईल का. मॅडम म्हणाल्या, "कृपया हवेला सांगा."

मग दुसरी युक्ती निघाली. बाहेरून पाहुणे येत, त्यांना गंधर्व पाहायचा असे, आणि वार्निश कक्षात त्यांना नेता येत नसे, कारण तिथे वास येई. ही अडचण अशी लेखी मांडलेली मी स्वतः वाचली आहे. त्यावर तोडगा असा की गंधर्व मुख्य इमारतीच्या स्वागतकक्षात लावावा. तिथे पितळी पाटी लागेल, फोटो नीट येतील. यंत्र मॅडमच्या ताब्यात असल्यामुळे त्यांचं "अनापत्ति" पत्र हवं होतं. मजकूर तयार होता, सही तेवढी राहिली होती.

मॅडमनी सही केली नाही. त्याच कागदावर आडव्या ओळीत त्यांनी दोनच शब्द लिहिले: "आपत्ति है."

तो कागद माझ्या टेबलावरून गेला. मी वर पाहिलं तर मॅडम दारात उभ्या होत्या.

"या वेळी शब्द बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत."

"आणि मराठीत?"

मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर वार्निश कक्षाचं छप्पर दिसत होतं.

"मी दोन्ही अर्थानं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "ज्याला जो कळेल तो."

वरच्या मजल्याला पहिलाच कळला. विचारणा आली: आपत्ति का कारण स्पष्ट करें. मॅडमनी कारण म्हणून शकीलचं नाव लिहून पाठवलं. एवढंच. उत्तर आलं की व्यक्तीचं नाव हे कारण होऊ शकत नाही. आणि एका सुटीच्या दिवशी, प्रयोगशाळेला कुलूप असताना, गंधर्व स्वागतकक्षात गेला.

पुढचं सांगताना माझं हिंदी आणि मराठी दोन्ही अपुरं पडतं. वार्षिक बंदमध्ये वार्निशची टाकी रिकामी करून आतून खरवडायची असते. सुपरवायझर नवा नव्हता, वाईटही नव्हता. त्यानं नेहमीच्या सवयीनं विचारलं, "गाना तो नहीं आ रहा?"

"नहीं," कुणीतरी म्हणालं. खरंच येत नव्हतं. गाणारा दोन इमारती पलीकडे झेंडूच्या माळेखाली होता.

शकील शिडीवरून टाकीत उतरला. खाली गेल्यावर थोडा वेळ त्याचं गाणं ऐकू येत होतं. मग आलं नाही. साथीदारांना वाटलं, खरवडतोय. वाकून पाहिलं तेव्हा तो तळाशी बसलेला होता, पाठ टेकून, मान एका बाजूला. गमछे ओले करून दोघं उतरले आणि त्याला वर घेऊन आले. साकेत नगरजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात तो बरेच दिवस होता. डॉक्टरांनी त्याला वाचवलं, यात शंका नाही. पण हात पूर्वीसारखे राहिले नाहीत. पेला धरला की पाणी सांडायचं. आणि गाणं अंतऱ्यापर्यंत जाऊन थांबायचं. पुढचे शब्द येत नसत. तो हसून म्हणायचा, "आगे का फिर कभी." लग्नांत माइक दुसरीकडे जाऊ लागला.

चौकशी समिती बसली. अहवाल इंग्रजीत होता आणि हिंदी करायला माझ्याकडे आला. त्यात लिहिलं होतं की घटनेच्या दिवशी गंधर्वने कोणत्याही असामान्य वाफेची नोंद केलेली नाही. हे अक्षरशः खरं होतं. घटनेच्या दिवशी गंधर्वच्या आसपास असामान्य असं काहीच नव्हतं. फुलं होती, उदबत्ती होती, फिनाइलनं पुसलेली फरशी होती. सबब कक्षातली हवा सामान्य होती आणि कामगारानं उतरताना पुरेशी काळजी घेतली नाही. मॅडमच्या हरकतीचाही उल्लेख होता: आपत्ति प्राप्त हुई, विचारोपरांत निस्तारित. आपत्ती मिळाली, विचार केला, निकाली काढली. हे मी मराठीत मनातल्या मनात केलं. ते माझ्या कामाचा भाग नव्हतं.

त्या समितीतली सगळी माणसं भोपाळची होती. पंखा कुणाचा, भोक कुणाचं, हे त्यांना माहीत होतं. गंधर्व कुठे होता हेही माहीत होतं. अहवालावर सह्या करायला ती त्याच्याच शेजारून गेली होती. या शहरात बसून, या शहराची हवा छातीत घेऊन, माणसं असं वाक्य लिहू शकतात, आणि ते वाक्य व्याकरणशुद्ध असतं. मी पुष्कळ तपासलं. त्यात एकही चूक नव्हती.

मॅडमनी अहवाल वाचला आणि अर्ज केला: गंधर्व त्या दिवशी वार्निश कक्षात नव्हता, सबब अहवालात संशोधन करावं. या वेळी शब्द पक्क्या हिंदी अर्थानं वापरला होता. लिहिण्यापूर्वी त्यांनी मला विचारलंही होतं. मी म्हणालो, इथे हाच शब्द बरोबर.

आणि प्रशासनानं ते जुनं परिपत्रक काढलं. डॉ. खानझोडे यांच्या पत्रातलं संशोधन म्हणजे अनुसंधान. नियमाप्रमाणे अर्ज अनुसंधान अनुभागाकडे गेला, "आवश्यक कार्रवाई हेतु", खाली प्रशासन अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. अनुसंधान अनुभागाच्या प्रमुख खानझोडे मॅडम होत्या.

स्वतःचाच अर्ज स्वतःच्या टेबलावर आलेला पाहून त्यांनी तो उचलला. मग माझ्याकडे आल्या.

"पाठक, आवश्यक कार्रवाई म्हणजे हिंदीत नेमकं काय?"

"जे करणं जरूर आहे ते."

"कुणी ठरवायचं?"

"ज्याच्याकडे कागद आला आहे त्यानं."

"मराठीत काही वेगळा अर्थ आहे का?"

"नाही. हा एक शब्दप्रयोग दोन्हीकडे सारखाच आहे."

त्या स्क्रू-ड्रायव्हर घेऊन भरदुपारी स्वागतकक्षात गेल्या. दोन पाहुणे सोफ्यावर बसले होते. मॅडमनी त्यांना "कृपया पाय उचला" म्हटलं, स्टूल ओढलं, गंधर्वचं झाकण उघडलं, आतले काचेचे तुकडे, तारा, भोंगा, सगळं काढून पदरात घेतलं आणि झाकण पुन्हा घट्ट लावलं. रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं तेव्हा शिक्का मारलेला कागद दाखवला. बाहेरून पेटी पूर्वीसारखीच दिसत होती.

आतलं सगळं स्टीलच्या जेवणाच्या डब्यात बसलं. झाकणाला भोकं पाडून तो डबा वार्निश कक्षात टाकीच्या वर टांगला गेला. त्यावर पाटी नव्हती, नाव नव्हतं. वेटोळी वर आली की डबा ओरडायचा आणि कक्ष रिकामा व्हायचा. आता थांबला तरी लोक लगेच परत येत नसत. शकीलनंतर कुणालाच शांततेवर विश्वास राहिला नव्हता. काम अडलं, मोटारी अडल्या, ज्यांच्या मोटारी होत्या त्यांचे फोन वरच्या मजल्यावर येऊ लागले. आठवडा पुरा व्हायच्या आत पंखा फिरू लागला. भिंतीतलं भोक कुणाचं, ते अजून ठरलेलं नाही.

अहवाल मात्र तसाच राहिला. मॅडमनी पुन्हा दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा पत्र त्यांच्याकडेच आलं. महाप्रबंधकांच्या दालनातही त्या जाऊन आल्या. बाहेर फक्त "कृपया" ऐकू येत होतं.

निरोपसमारंभात ते नियतीचं वाक्य वाचून झालं, टाळ्या झाल्या. महाप्रबंधक म्हणाले की स्वागतकक्षातला गंधर्व मॅडमची आठवण अहोरात्र जागी ठेवेल. मग त्यांनी मॅडमना शाल पांघरली, मखमली पेटीतल्या अत्तराच्या कुप्या भेट दिल्या आणि त्यांच्या सन्मानार्थ उभेच राहून म्हणाले, "मैडम, दो शब्द कहिए."

मॅडम माइकजवळ आल्या. "कृपया बैठिए," म्हणाल्या, आणि जागेवर जाऊन बसल्या. सभागृहाला तो विनय फार आवडला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते फाटकाशी. त्यांनी कोलार रोडला फ्लॅट घेतला होता. रिक्षा बाहेर उभी होती. फाटकावर शकील होता. त्याला बैठं काम म्हणून तिथे दिलं होतं: गाड्यांकडे पाहायचं आणि मान हलवायची. मॅडमनी ती मखमली पेटी उघडली, एक कुपी काढून त्याच्या हातात दिली.

"सूंघो. किसके जैसी है?"

शकीलनं बूच काढून हुंगलं. "अच्छी है, मैडम."

"अच्छी-बुरी नहीं पूछी."

त्यानं पुन्हा हुंगलं, डोळे मिटून. "नए पेंट जैसी. उद्घाटन वाली."

मॅडम हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं हसताना पाहिलं नव्हतं. शकीलला बूच परत लावता येईना. कुपी हातात नाचत होती आणि अत्तर त्याच्या बाहीवर सांडत होतं. मॅडमचं हसू थांबलं. त्यांनी त्याच्या हातातून बूच घेतलं, घट्ट बसवलं, सगळी पेटी त्याच्याच टेबलावर ठेवली. "तुम्हारी बेगम के लिए," म्हणाल्या आणि मागे न पाहता रिक्षात बसल्या.

मध्यंतरी पेन्शनच्या कामासाठी मी कारखान्यात गेलो होतो. स्वागतकक्षात गंधर्वची पेटी आहे, पाटीही चकचकीत आहे. पेटीचा प्लग काढून त्या जागी कुणीतरी डास पळवणारं यंत्र लावलं आहे, औषधाची वाफ सोडतं ते. त्याचा लाल दिवा सतत लागलेला असतो, आणि पाहुणे आले की त्यांना तो दिवा दाखवून सांगतात, यंत्र चालू आहे.